चार नंबरचा बिल्ला

दवाखान्याच्या बाकावर आईने हातातला चार नंबरचा बिल्ला शेजारी बसलेल्या बाईच्या मुठीत कोंबला आणि तिचा एकोणीस नंबरचा घेऊन आपल्या पर्समध्ये टाकला. त्या बाईच्या खांद्यावर तापाने फणफणलेलं बाळ होतं.

"अगं, काय करतेस?" लेक कुजबुजली. "साडेसातपासून ताटकळतोय आपण. त्यांना नुसतं आपल्या पुढे सोडायचं ना. पाच मिनिटांचा तर प्रश्न."

"पाच मिनिटं कुणाची?"

ही आईची जुनी खोड. शाळेत अकरावीला अर्थशास्त्र शिकवायची, पण उत्तर म्हणून देईल तर शपथ. मुलांपुढे एक अडचण टाकायची आणि खिडकीशी जाऊन उभी राहायची. लेकही अर्थशास्त्रच शिकवायची, कॉलेजात. तिच्या नोट्स मात्र गावभर फिरायच्या. व्याख्या घासूनपुसून लख्ख, उत्तरं मुद्देसूद.

"चक्कर तुला येतेय, आणि भाजतेयस लष्कराच्या भाकऱ्या!"

"भाजू दे. दुपारच्या तासाला अडचण मिळाली." आई जुन्या औषधाच्या चिठ्ठीमागे काहीतरी खरडू लागली. "तुझ्या तोंडून एकदा तरी 'माहीत नाही' ऐकायचंय बघ. त्या दिवशी शाळेला सुट्टी जाहीर करीन."

"शिक्षकाने असं म्हणणं म्हणजे दुकानदाराने माल नाही म्हणणं."

"मग गिऱ्हाईक स्वतः शोधायला लागतं. वाईट काय त्यात?"

सतरावा नंबर तपासून होतो न होतो तोच डॉक्टरांना तातडीचं बोलावणं आलं. कंपाउंडरने उरलेल्यांना उद्या यायला सांगितलं. आईने दुपारी शाळेत तास घेतला, संध्याकाळी रेडिओ ऐकत मटार सोलले. सकाळी ती उठलीच नाही.

भेटायला येईल त्याला लेक एकच सांगत राहिली, "नंबर दिला नसता, तर आज असती." सांगून सांगून ते वाक्यही व्याख्येसारखं गुळगुळीत झालं.

तीन आठवड्यांनी मुख्याध्यापिकांचा फोन आला. परीक्षेपर्यंत आईचे तास घ्याल का? लेक नोट्सची फाईल घेऊन गेली.

वर्गात बाकं भिंतीला सरकवलेली होती. मधोमध वीस खुर्च्या, प्रत्येकीच्या पाठीवर खडूने आकडा.

"मॅडम, नोट्स नंतर," दोन वेण्यांची मुलगी म्हणाली. "बाईंची शेवटची अडचण अर्धी राहिलीय. ती, दवाखान्यातल्या चार नंबरवालीची."

चार नंबरवाली कोण, हे या मुलांच्या गावीही नव्हतं. लेकीने फाईल टेबलावर ठेवली.

"आम्ही खुर्च्यांवर बसून करून पाहिलं. बाळवालीला नुसतं पुढे घुसवलं, तर चारपासून अठरापर्यंत पंधरा जण मागे सरकतात. मग या लंबूचं डोकं चाललं. चुकून."

"गप गं," लंबू म्हणाला. "मॅडम, बिल्ला बदलला की मधलं कुणी हलतच नाही. सगळं थांबणं त्या एकटीच्या वाट्याला. हे बघा." तो चारवरून उठून एकोणीसवर जाऊन बसला. मधल्या खुर्च्यांवरची पोरं हाताची घडी घालून जागच्या जागी राहिली.

पाच मिनिटं कुणाची? लेकीने जवळच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"पण डॉक्टर सतराव्यानंतर निघून गेले ना!" चष्मेवालीला राहवेना. "ते तिला आधी कुठे ठाऊक होतं? वर्गात दोन पार्ट्या पडल्यात, मॅडम. काहीजण तर एकमेकांशी बोलत नाहीत. तिने केलं ते बरोबर की चूक? बाईंना विचारलं, तर त्या खिडकीशी जाऊन नुसत्या हसत उभ्या. तुम्ही तरी उत्तर सांगा."

लेकीने खडू घेतला. फळ्यावर 'संधी खर्च' असं लिहिलं, म्हणजे एक निवडताना जे हातचं सुटतं त्याची किंमत, आणि खाली रेघ ओढली. मागे वह्यांची पानं उलटली, पेनांची टोपणं निघाली. सगळे लिहून घ्यायला तयार.

तिने खडू ठेवून दिला. लंबूला खुणेने उठवलं आणि एकोणीस नंबरच्या खुर्चीवर स्वतः बसली. तिथून खिडकी नेमकी समोर येत होती.

"मला माहीत नाही," ती खिडकीकडे बघत मोठ्याने म्हणाली.