पायवाली आणि सपाट

आमच्या दुकानात दोन शब्द चालतात, बाहेर बोललात तर लोक हसतील: पायवाली आणि सपाट. कॉम्प्युटरच्या पोटात बिस्किटाएवढी चौकोनी चिप असते, सगळा विचार म्हणे तीच करते. ती बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या, एकमेकींच्या सवती. एकीच्या चिपला खालून केसासारखे बारीक पाय असायचे, ती पायवाली. दुसरीची चिप खालून गुळगुळीत आणि पाय खालच्या बोर्डावर, चिप बसते त्या खाचेत. ती सपाट. नावं मी ठेवली. कंपन्यांची नावं आणि त्यापुढचे आकडे माझ्या जिभेवर बसत नाहीत, आणि बसवायची मला हौसही नाही.

माझा थोरला सपाटवाला, धाकटा पायवाला. एका पोटची पोरं, पण टोकं दोन. पोरांच्या वडिलांनी दुकान काढलं तेव्हा रेडिओ दुरुस्त व्हायचे. हे गेले, रेडिओ गेले, आणि पोरांनी लांब टेबलाच्या मधोमध चिकटपट्टी लावून कॉम्प्युटर जोडायला घेतले. अलीकडे दादा, पलीकडे धाकटा.

माझ्या हातात सदा पिवळं फडकं. धाकट्याच्या बाजूला ते कुठंही फिरवावं, बोर्डावरून, खाचेतून. फक्त चिपला धक्का लावायचा नाही. थोरल्याकडे सगळं उलटं. चिप खुशाल पुसा, पण बोर्डाच्या खाचेला फडकं लावलं की मेलात. मी एकदा लावलं होतं.

"आई! एक धागा अडकला तरी पाय वाकतात! हा काय स्वयंपाकाचा ओटा आहे का?"

गिऱ्हाइकासमोर ओरडला. मी म्हटलं, "ओटा असता तर एवढी घाण ठेवली नसती मी." तेव्हापासून त्याच्या बाजूला फडकं नेलं नाही.

माणसाची पिढी वाढवायला जन्म जातो. या कंपन्यांची नवी पिढी बघावं तेव्हा दारात उभी. ती आली की दुकानात भांडण नव्यानं सुरू.

"दादा, तुझी चिप आहे की शेगडी? थंडीत विकत जा, चांगली खपेल."

"आणि तुझी रे? सोळा कोअर म्हणे, म्हणजे सोळा डोकी. सोळा जावा एका घरात आणि कामाला एक!"

मी ऐकून घ्यायची. भांडतायत तोवर घरात आहेत, मला तेवढं पुरे होतं. या खेपेला मात्र धाकट्यानं भांडण सोडून दुसरंच काढलं.

झालं असं, की दोन्ही कंपन्यांची नवी पिढी एकदमच आली. त्याच सुमाराला एक नकाशेवाल्या बाई दुकानात आल्या. इमारतींचे नकाशे काढणारं त्यांचं ऑफिस, तिथले सगळेच कॉम्प्युटर बदलायचे होते. म्हणाल्या, "दोन्ही कंपन्यांची मशीन लावून ठेवा. माझंच काम चालवून दाखवा. जे बरं चालेल ते घेते."

त्या दिवशी जेवताना धाकटा ताटाकडे बघत बोलला, "दादा, या वेळी माझी हरली तर मी टेबल सोडतो. दुसऱ्या गावच्या दुकानातून बोलावणं आहे, हो म्हणून कळवतो. रोज तुझे टोमणे खाऊन माझं पोट भरलंय."

"बघू," थोरला म्हणाला. नुसतं बघू! मी दोघांच्याही तोंडाकडे पाहिलं.

आणि गंमत बघा, या पिढीत धाकट्याच्या कंपनीनं चिपचे पाय काढून टाकले होते. पाय गेले बोर्डाच्या खाचेत, थेट सवतीसारखे. हे मला त्यानंच सांगितलं होतं, खोका आला तेव्हा नाचत. "आई, आता माझीही सपाट!" मी म्हटलं, "मग भांडता कशाला, मेल्यांनो?" यावर दोघंही हसले नाहीत.

बाई आल्या. मी गल्ल्यामागच्या स्टुलावर बसले. दोन मशीन शेजारी शेजारी, झाकणं काढलेली, पंखे उघडे. अख्ख्या इमारतीचा नकाशा दोन्हींवर चढवला. थोरल्याची मशीन म्हणजे वारा. फाईल उघडली, इमारत गरागरा फिरवली, कुठं अडली म्हणून नाही. धाकट्याची थोडी मागून आली. थोरल्यानं माझ्याकडे पाहिलं, मिशीत हसला.

मग बाई म्हणाल्या, "आता याचं रंगीत चित्र काढा. भिंतीवर ऊन पडलेलं हवं, काचेत झाडं दिसायला हवीत."

तिथं खेळ पालटला. थोरल्याच्या मशीनचा पंखा असा किंचाळायला लागला की बाईंनी कानावर हात ठेवला. धाकट्याची आपली शांत गुणगुणत बसली, आणि चित्र पुरं करून मोकळी झाली, तेव्हा थोरल्याकडे अजून अर्ध्या भिंतीलाच ऊन लागलं होतं. बाईंनी खुर्ची ओढली ती धाकट्याच्या बाजूला. थोरल्याचे कान लाल झाले. रागावले की यांचेही तसेच व्हायचे.

"एवढं सगळं करतं कोण आत?" बाईंनी विचारलं. "दाखवा तरी."

पोरगं हुरळलं. मशीन बंद केली, पंखा उतरवला आणि चिप चिमटीत धरून बाईंपुढे नाचवली. पंख्याखाली करडं मलम लावतात, उष्णता ओढून न्यायला. त्याचा एक थेंब टपकन खाचेत पडला. धाकट्याचा हात मागं गेला, त्यानं टेबलावर राहिलेलं माझं पिवळं फडकं उचललं आणि खाचेतून फिरवलं. एकदा असं, एकदा तसं. इतकी वर्षं फिरवत आला तसंच. पाय आता खाचेत आहेत हे त्याच्या डोक्याला पाठ होतं. हाताला कोणी सांगितलंच नव्हतं.

मी मात्र त्या वेळी थोरल्याकडे बघत होते. त्याचा हात वर आला. तोंड उघडलं. माझ्यावर ओरडलं होतं तेच तोंड. मग ते मिटलं, आणि त्यानं पाण्याचा पेला उचलला. माझ्या डोक्यात उजेड पडेपर्यंत फडकं फिरून झालं होतं.

चिप पुन्हा बसवली, बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा. पुन्हा दाबलं. काळा.

"पहिल्याच दिवशी?" बाई म्हणाल्या. चांगल्या बाई, टाकून नाही बोलल्या. पर्स काखेत घेतली. "गरम झालं तरी चालेल हो, चालू तर राहायला हवं. मी ती दुसरीच घेईन, तुमच्या भावाची." आणि गेल्या.

धाकटा खुर्चीत बसला. "पिढीच खराब निघाली," म्हणाला. "मी या कंपनीसाठी घरात भांडलो, आणि तिनं मला तोंडावर पाडलं." स्क्रू-ड्रायव्हर पुसून पिशवीत भरायला लागला. त्याची बाजू रिकामी होत होती आणि थोरला आपल्या बाजूची वायर गुंडाळत होता, सोडत होता, परत गुंडाळत होता.

मी सांगितलं असतं तर धाकट्याला कळलं असतं. पण आईनं चुगली केली म्हणून कळलं असतं, आणि थोरला जन्मभर त्याच आडोशाला बसला असता. मी उठले. तो मेलेला बोर्ड उचलून थोरल्यापुढे ठेवला, वर यांचं रेडिओ दुरुस्तीचं भिंग ठेवलं.

"बघ आणि सांग त्याला."

"आई, मला काय माहीत—"

"तुला माहीत आहे. मी तुझ्याकडेच बघत होते, बाबा."

त्यानं भिंग डोळ्याला लावलं नाही. "फडकं," म्हणाला. "तू फडकं फिरवलंस. पाय वाकले. चिपला काही झालेलं नाही."

धाकट्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग थोरल्याकडे. "तू बघत होतास?"

"हो."

"फिरवायच्या आधीपासून?"

थोरल्यानं बोर्डावरचं भिंग बाजूला सरकवलं. धाकटा हसला, आणि ते हसू मला परत बघायचं नाही. पिशवीची चेन लावून त्यानं ती खांद्याला अडकवली आणि दाराशी गेला. मी आडवी आले नाही. कोणत्या तोंडानं येणार? दोघंही माझेच.

थोरल्यानं फोन लावला. बाईंनी उचलला नाही. पुन्हा लावला. मग यंत्राशी बोलतात तसं बोलला, निरोप ठेवायला: "बाई, भावाची मशीन खराब नव्हती. मी वेळेवर तोंड उघडलं नाही. परत एकदा या." फोन ठेवला आणि माझ्यापुढे हात केला. "आई, बारीक सुई दे."

शिवणाच्या डब्यातली सगळ्यात बारीक दिली. तो वाकला, भिंग डोळ्याला, सुई खाचेत. मी दिवा धरला. पाय कसले, धुळीचे कण ते, मला तर काहीच दिसेना. एक सरळ करायला जावं तर शेजारचा मोडायचा, म्हणून श्वास धरून बसलो आम्ही दोघं.

दाराशी थांबलेली पावलं बाहेर गेली नाहीत, आत वळली.

"तो नको," धाकटा माझ्या खांद्यावरून म्हणाला. "कडेचा उलटा वाकलाय. आधी तो घे."

"कुठला?"

"अरे तो, डावीकडचा. दिसत नाही का तुला?"

"तू दाखव."

धाकट्यानं बोट पुढं केलं, खाचेला लागणार नाही इतकं लांब. पिशवी अजून त्याच्या खांद्यावरच होती.