ओव्याच्या पानांचा वास

अपेक्षाला वास येत नाही, हे प्रभात रस्त्यावरच्या त्या हॉटेलात एकट्या सुंदराबाईंना ठाऊक होतं. दीड वर्षापूर्वी एका तापात तो गेला तो परतलाच नाही. वाइन हुंगून पारखण्याचा पगार घेणाऱ्या बाईचं नाकच गेलं, तर तिनं करावं काय? आपल्या गावी, वर्ध्याला परत जावं, आणखी काय. अपेक्षा गेली नाही. तिनं भांडी घासणाऱ्या सुंदराबाईंना गाठलं.

सुंदराबाई वारज्याहून यायच्या. गळ्यात तुळशीची माळ, दारूचा थेंब कधी ओठाला लागलेला नाही. पण नाक असं, की झाकलेल्या पातेल्यातलं दूध नासायला लागलंय हे दारातून सांगतील. अपेक्षा मोरीपाशी ग्लास न्यायची, बाई हुंगून बोलायच्या आणि अपेक्षा ते स्वतःच्या नावानं मेन्यूकार्डावर छापायची. दक्षिण फ्रान्सच्या कोर्बिएरमधली एक सेंद्रिय लाल वाइन हुंगून बाई म्हणाल्या होत्या, ओव्याची पानं चुरडल्यावर हाताला येतो, तसा वास आहे.

नेमकं ते वाक्य अपेक्षाच्या मुळावर आलं. ती वाइन करणाऱ्या मादाम क्लेअरनी ते कुठेतरी वाचलं आणि त्या थेट पुण्यात आल्या. त्यांच्या टेकड्यांवर मळ्यांच्या कडेनं अशाच वासाची झुडपं माजतात. वायव्येचा कोरडा वारा वेलींवर ओल राहू देत नाही, म्हणून औषधं मारावी लागत नाहीत. बाटलीतही वाइन टिकावी म्हणून मादाम काही घालत नाहीत, त्यामुळे एखादी नासते आणि प्रत्येक बाटली हुंगावीच लागते. त्या संध्याकाळी सात वाजता ही वाइन चाखायला तीस पाहुणे येणार होते. त्याआधी अपेक्षानं मादामसमोर बाटल्या निवडायच्या, असं मालक रंगरावांनी परस्पर ठरवून टाकलं. पंचांग बघा, असं त्यांना कोण सांगणार?

"आज एकादशी हाय," सुंदराबाई म्हणाल्या. "आज त्या ग्लासाला हात लावायची न्हाई. वासबी नको."

अपेक्षानं विनवण्या केल्या, हात जोडले. बाई कढई घासत राहिल्या.

टेबलावर तीन बाटल्यांमधले तीन ग्लास मांडलेले होते. अपेक्षाचं नाक ही आमची खरी इस्टेट, असं रंगराव कौतुकानं सांगत होते. अपेक्षानं एकेक ग्लास नाकाशी नेला. पाणी हुंगावं तसं, कशालाच वास येईना. सगळे बघतायत म्हटल्यावर तिनं दुसऱ्या ग्लासावर बोट ठेवलं आणि हीच उत्तम म्हणून सांगितलं.

मादामनी तो ग्लास हुंगला आणि खाली ठेवला. वाइन नासली होती, ओल्या गोणपाटासारखा वास मारत होता. रंगरावांचं हसू मावळलं, तरी त्यांनी सावरून घेतलं. पोरीला सर्दी झालीय, म्हणाले.

सुटका आपल्या पायांनी चालत आली होती. नुसतं शिंकायचं होतं. पण उद्या पुन्हा बाटली, पुन्हा मोरी, पुन्हा हीच धडधड. तिला स्वतःची किळस आली.

"सर्दी नाही," ती मादामकडे वळून इंग्रजीत म्हणाली. "मला दीड वर्ष वासच येत नाही. ते ओव्याचं वाक्य सुंदराबाईंचं आहे."

"म्हणजे दीड वर्ष आम्ही मोरीतून वाइन निवडतोय," रंगराव म्हणाले. "छान. आपण उद्यापासून येण्याचे कष्ट घेऊ नयेत."

मादाम तोवर उठून स्वयंपाकघरात पोचल्या होत्या. अपेक्षाकडून एकादशीचं कळल्यावर त्यांनी ग्लास बाहेरच ठेवला होता. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी, तेव्हा मध्ये अपेक्षालाच उभं राहावं लागलं. मादामनी विचारलं, एवढी देणगी असताना ती दुसऱ्याच्या नावावर का जाऊ दिली? अपेक्षानं खाली मान घालून प्रश्न मराठीत सांगितला.

सुंदराबाईंनी दारात उभ्या असलेल्या रंगरावांकडे पाहिलं.

"नऊ वर्सं हाय इथं. हिनं इचारलं म्हणून सांगितलं. दुसरं कुणी इचारलंच न्हाई. आता हिला घालवताय, तर उद्या मी काय बोलले ते ह्या बाईंना सांगणार कोण?"

अपेक्षानं सगळं इंग्रजीत सांगितलं, पण स्वतःबद्दलचं शेवटचं वाक्य तिला सांगवेना. ते थोड्या वेळानं रंगरावांनीच मादामना सांगितलं, आणि अपेक्षाला उद्या वेळेवर यायला बजावलं.