जाळायचं नाही

संचिता माजिवड्याच्या एका लेझर क्लिनिकमध्ये चार वर्षं मशीन चालवत होती. वांग, तीळ, चामखीळ, जन्मखुणा, सगळं तिच्या हाताखालून गेलेलं. डॉक्टर आठवड्यातून दोनदाच यायचे. बाकीच्या दिवशी मालक ऋतुराजच पेशंट बघायचा, "होऊन जाईल" म्हणायचा आणि आत पाठवायचा.

त्या बुधवारी आंबिवलीहून कलावतीबाई आल्या. साठी ओलांडलेल्या, सोबत मुलगा सूरज. नाकाशेजारचा काळा तीळ काढायचा होता. रविवारी नातीचं बारसं होतं.

"फोटोत माशी बसल्यासारखी दिसते गं," टेबलावर आडव्या होत त्या हसल्या.

संचिताने त्यांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला, भिंग जवळ आणलं आणि ती थांबली. तिळाची कड उंचावलेली होती, चकाकत होती. मध्ये खपली.

"मावशी, यातून रक्त येतं?"

"टॉवेल लागला की येतं. खपली धरते, परत निघते. वर्ष झालं असेल."

"आधीपासून एवढाच आहे?"

"छे! मोहरीएवढा होता."

संचिताने मशीन बंद केलं. आवाज थांबला तसा ऋतुराज आत आला.

"काय झालं?"

"सर, हा मी जाळणार नाही. आधी तुकडा काढून तपासायला हवा."

"अगं, पाच मिनिटांचं काम आहे. तू काय डॉक्टर आहेस?"

"नाही. तुम्हीही नाही आहात."

दारातून सूरज वैतागून म्हणाला, "मॅडम, काही असलंच तर जळून जाईल ना? आम्ही एवढ्या लांबून आलोय."

"वरचं जळेल. खाली काही राहिलं तर वाढत जाईल आणि वरून कुणाला कळणारही नाही. शिवाय सगळं जाळल्यावर तपासणार काय?"

"बाजूला हो, मी करतो," ऋतुराज म्हणाला.

संचिताने मशीनची चावी काढली आणि मूठ बंद केली.

"चावी दे."

"मावशी बाहेर पडल्या की देते."

"उद्यापासून येऊ नकोस!"

"नाही येत. पण आज आहे मी."

कलावतीबाईंनी स्वतःच चष्मा काढला आणि त्या उठून बसल्या. "सूरज, माझी चप्पल दे."

"आई, अगं बारसं..."

"बारशाला पोरीचं नाव ठेवायचंय, माझं नाही. चल."

त्या बाहेर पडल्यावर संचिताने चावी काउंटरवर ठेवली, डबा पिशवीत टाकला आणि ती त्यांच्या मागोमाग निघाली. सरकारी हॉस्पिटलात कातडीच्या रोगांचा विभाग कुठे, हे सूरजला माहीत नव्हतं. ती रिक्षात बसली आणि त्यांना घेऊन गेली.

तिथल्या डॉक्टरांनी तिळाचा तुकडा काढून तपासायला पाठवला. दहा दिवसांनी रिपोर्ट आला. कातडीचा कॅन्सर. हळू वाढणारा, सहसा अंगभर न पसरणारा. पण मुळासकट काढावाच लागणार होता. ऑपरेशन झालं. काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ निघाल्या, म्हणजे आत काही उरलं नव्हतं. नाकापासून गालापर्यंत टाके आले.

सूरजचा फोन आला. "मॅडम, त्या दिवशी मी..."

"मावशी नीट जेवतात का?" संचिताने विचारलं.

"जेवतात. टाके दाखवत गल्लीभर फिरतायत. ज्याच्या तोंडावर तीळ दिसेल त्याला हॉस्पिटलात पिटाळतायत."

संचिता मात्र दोन महिने कोपरला घरी बसली. ही मुलगी उर्मट आहे, असं ऋतुराजने ओळखीच्या सगळ्या क्लिनिकांत सांगितलेलं. तिचे वडील परशुराम एकदा म्हणाले, "जरा नमतं घ्यायचं होतंस, बाळा."

"कुणापुढे, बाबा? त्या मावशींना काय सांगितलं असतं मी?"

त्यांनी उठून स्वतःच चहा करून तिच्यासमोर ठेवला.

शेवटी डोंबिवलीच्या डॉक्टर आसावरींच्या लेझर क्लिनिकमधून बोलावणं आलं. बाईंनी तिचा अर्ज वाचला आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, "आधीच्या ठिकाणी तुझं भांडण झालं म्हणे?"

"झालं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा होईल."

"माझ्याशीसुद्धा?"

"हो, तुमच्याशीसुद्धा. मला एक विचारायचंय मॅडम. तुम्ही नसताना इथे मशीन चालतं का?"

बाईंनी अर्ज खाली ठेवला. "आजवर हे मला कुणी विचारलं नव्हतं. नाही चालत."

"मग मी सोमवारपासून येते," संचिता म्हणाली.