पहिली झोप

मला राग पटकन येतो, आणि तो काढायला बहुतेक वेळा दुसरं कुणी सापडतं. या वेळी सापडलं नाही.

गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात मी टेक्निशियन आहे. आमच्या डॉक्टरांचा अभ्यास चालला होता: शहरातली माणसं आणि पेठ-सुरगाण्याकडची डोंगरातली माणसं, यांचा रक्तदाब दिवसा-रात्री कसा चढतो-उतरतो. दंडाला पट्टा, कमरेला यंत्र. दर अर्ध्या तासाला पट्टा आपोआप फुगतो, असं चोवीस तास. तो बांधायचा आणि फॉर्म भरायचा, हे माझं काम.

आकडे आले तसे डॉक्टर खूश झाले. "बघ मीना, शहरातल्यांचा दाब झोपेत उतरतो, यांचा उतरतच नाही. रक्ताचाच गुण!"

नवसाबाईचा आलेख त्यांनी नमुना म्हणून भिंतीवर लावला. नवसाबाई पेठकडची, मखमलाबादच्या एका फुलमळ्यात मजुरीला. दिवसाचा दाब ठीकच होता, तरी रात्रीसाठी तिला गोळी लिहून दिली, झोपण्याआधी घ्यायची.

परवा मळ्याच्या मालकाचा फोन आला. नवसाबाई चक्कर येऊन पडली होती, कपाळाला चार टाके.

"कधी पडली?"

"पहाटे तीनला. झेंडू तोडताना."

तीनला? मी फॉर्म काढला. माझ्याच अक्षरात लिहिलेलं: झोप, रात्री आठ ते सकाळी सहा.

दुपारी मळ्यावर गेले. "मावशी, तुम्ही तर म्हणाला होता, आठला झोपते म्हणून!"

"म्हन्ले ना. पयली झोप आठला. एकला उठायचं, फुलं तोडायची, उजाडायच्या आत मार्केटला गेली पायजे. मंग जेवून दुसरी झोप. तू इचारलंच नाय."

खरंच विचारलं नव्हतं. पहिली झोप म्हणजे डोळा लागतो ती, एवढंच मला ठाऊक. पुढचं 'सकाळी सहा' मी मनानेच लिहिलं. यंत्र बिचारं खरं सांगत होतं. बाई वाकून फुलं तोडत होती, दाब उतरणार कुठून? आणि मळ्यांवरच्या मजुरांचे असे एकवीस फॉर्म मी भरले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तिची गोळी बंद कर. पेपर छापायला पाठवून झालाय, आता फॉर्ममध्ये खाडाखोड नको."

"आणि भिंतीवरचा आलेख?"

त्यांनी फोन ठेवला. असा संताप आला की काय सांगू! पण तो आलेखही मीच छापून दिलेला.

"मावशी, गोळी बंद करा," मी म्हटलं. "तुमच्या रक्तात काही खोट नाही. चूक माझी झाली."

नवसाबाईला ते पटेना. "असं कसं? डाक्टर म्हन्ले, तुमच्या लोकांच्या रक्तातच हाय. म्हनून तर चांगुणालाबी रोज अर्धी देते. लेकीचं रक्त तेच ना?"

पडवीत चांगुणा गजरे करत बसली होती. सहावा महिना चाललेला. दोरा ओढता ओढता ती थांबली आणि तिने खांबाला हात लावला.

"चार दिस झाले ताई, डोळ्यांपुढं अंधारी येती," ती म्हणाली. "पोटातलं बी हालत नाय पयल्यासारखं."

रिक्षा मिळाली. सरकारी दवाखान्यात सिस्टरने चांगुणाला आत नेलं, पडदा ओढला आणि केसपेपर घेऊन बाहेर आली.

"सहाव्या महिन्यात बीपीची गोळी? कोणी दिली हिला?"

नवसाबाई रडत पुढे झाली. "म्या..."

मी तिला मागे सारलं. ती गोळी माझ्याच चुकीच्या फॉर्ममुळे त्यांच्या घरात आली होती.

"मी दिली," मी म्हटलं. "लिहा. मीना गांगुर्डे, टेक्निशियन."