निरोपाचे फटाके

मित्रांनो, मी इंग्लंडमधल्या डरहॅमच्या कोळसाखाणींवरचं एक जुनं, मालगाडी ओढणारं वाफेचं इंजिन आहे. आमच्याकडची माणसं इंजिनाला बाईच समजतात, तेव्हा मी आपली बाईसारखीच बोलते.

आठ चाकं, काळाकुट्ट रंग, नाव नाही, नुसता नंबर. नावं आणि पितळी पाट्या त्या एक्स्प्रेसवाल्या नखरेल बायांना! दोन महायुद्धांत कोळसा ओढला, तेव्हा कुठे माझं जरा कौतुक झालं. चढावर धापा टाकल्या की ड्रायव्हर विल्फ्रेड खेकसायचा, "ए म्हातारे, नाटकं पुरे!" आणि वर पोचलो की फावडं धुऊन माझ्याच भट्टीत त्यावर अंडी तळायचा. मला फार बरं वाटायचं.

दाट धुक्यात सिग्नल दिसत नाही. मग लाइनवरची माणसं रुळावर फटाके बांधतात. चाकाखाली ते लागोपाठ फुटले की जागच्या जागी थांबायचं, पुढे धोका आहे. एकदा असेच फुटले, विल्फ्रेडने ब्रेक लावला, तर समोर हातभरावर घसरलेले डबे! "वाचलो गं बाई," म्हणत त्याने मला थोपटलं.

पुढे डिझेल इंजिनं आली. माझ्या नळ्या गळू लागल्या, पुसायलाही कोणी येईना. आणि एका सकाळी शेडमधल्या माणसांनी मला लख्ख पुसलं. मी वेडी, हुरळून गेले.

"कुठे न्यायचंय हिला?" माझ्या भट्टीत कोळसा टाकणाऱ्या फायरमन लेस्लीने विचारलं.

"हळू बोल लेका, ऐकेल ती," विल्फ्रेड म्हणाला.

शेडबाहेर पडले आणि चाकाखाली धाड, धाड, धाड! अरे थांब, पुढे धोका आहे! मी मनातल्या मनात जीव तोडून ओरडत होते. पण शिट्टी त्याच्या हातात, ब्रेकही त्याच्याच हातात. दोन्ही बाजूंना माणसं टोप्या हलवत होती. शेवटच्या फेरीला रुळावर फटाके लावून निरोप द्यायची आमच्याकडे रीतच आहे. विल्फ्रेड ढसाढसा रडला, पण थांबला नाही.

पुढे भंगाराचं आवार होतं. त्याने स्वतःच्या हाताने माझी भट्टी विझवली. "माफ कर गं म्हातारे," एवढंच म्हणाला.

आता रांगेत माझ्यापुढे एकच बहीण उरलीय, आणि तीही अर्धी कापून झालीय. मित्रांनो, ब्रेक तुमच्या हातात आहे. कोणाला वाजतगाजत निरोप द्याल, तेव्हा आधी जरा थांबून बघा, तिला कुठे पाठवताय ते. मला थांबता आलं नाही. तो कापणारा माणूस इकडेच वळलाय, आणि मला साधी शिट्टीही मारता येत नाही.