एका घोडीपुरता ट्रेलर

थोरलीने ट्रेलरमधली रबरी चटई कोपऱ्यातून उचलली आणि खालच्या फळीत जीपची किल्ली खुपसली. भिजलेल्या पावात जावी तशी किल्ली आत गेली.

"कुजलंय."

"अहो बाई, ती एकच फळी," विक्रेता म्हणाला. "बाकी ठणठणीत आहे."

"दातही आधी एकच किडतो."

किल्ली रुमालाला पुसून ती खाली उतरली. धाकटी बाहेर चाकाला टेकून उभी होती. सकाळपासूनचं हे तिसरं आवार. दोघींचे तळवे पेटले होते, पण बसू या असं आधी कोण म्हणतं याची दोघी वाट बघत होत्या, आणि दोघी एकाच आईच्या मुली असल्यामुळे कोणीच म्हणत नव्हतं.

भाड्याच्या मैदानावर दोघींनी जन्मभर घोडेस्वारीचा वर्ग चालवला. धाकटी मुलांना शिकवायची. थोरली चारा, हिशेब आणि मुलांचे आईबाप सांभाळायची. त्यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड, असं तिचं मत होतं. आता मैदान विकलं गेलं होतं आणि महिनाअखेर जागा सोडायची होती. दिवसभराच्या वाटेवर भावाचा मळा होता. त्याने दोन खोल्या आणि एक शेड देऊ केली होती. बाकीचे घोडे दुसऱ्या वर्गाला गेले. उरली दोन जनावरं. एक तांबडी, तरणी घोडी, जिच्या जिवावर पुन्हा चार मुलं जमवायची होती. दुसरा एक बुटका, म्हातारा तट्टू. निम्मं गाव त्याच्या पाठीवर बसायला शिकलं होतं. हल्ली तो स्वतःचंच वजन कसंबसं वाहायचा, तेही कुरकुरत. थोरलीने त्याचं नाव पेन्शनर ठेवलं होतं, आणि पेन्शनरला न्यायचं नाही हेही तिनेच ठरवलं होतं.

"आपणच भावाच्या दारात चाललोय," ती म्हणाली होती. "खाणारी तोंडं मोजून न्यावीत."

दलालाला निरोप गेला होता. त्याने नेलेलं जनावर पुन्हा कुठे चरताना कोणी पाहिलेलं नव्हतं. धाकटी त्यावर काही बोलली नाही. न बोलणं म्हणजे होकार, असा त्या घरात जुना रिवाज होता आणि थोरलीचा निम्मा संसार त्या सोयीवर चालला होता.

मात्र आज सकाळपासून धाकटीला एका घोड्याच्या प्रत्येक ट्रेलरमध्ये खोट दिसत होती. पहिला अरुंद होता. दुसऱ्याचं दार करकरत होतं.

"तो बघ ना, ताई," तिने आवाराच्या टोकाला उभ्या असलेल्या, रंग उडालेल्या हिरव्या ट्रेलरकडे बोट केलं. "दोन घोड्यांचा. पुढेमागे विकायलाही बरा."

"अजून घेतला नाही, तोवर विकायला निघालीस."

"रुंद असतो, वळणावर झोके खात नाही."

"आणि चढावर? जीप अडली की तू ढकलणार?"

"ढकलीन."

"ढकलशील! रिक्षातून उतरताना माझा हात लागतो तुला."

विक्रेता लांब बघत उभा राहिला. गिऱ्हाइकांच्या घरगुती भांडणात पडायचं नाही, एवढी अक्कल त्याला धंद्याने दिली होती. भांडण निवल्यावर तो दोघींना मागच्या बाजूला घेऊन गेला.

"हा बघा. एका जनावराचा. एकाच मालकाच्या हातातला."

ट्रेलर पांढरा होता आणि खरंच चांगला होता. थोरलीने फळ्यांत किल्ली रुतवून पाहिली. ओरखडाही उठला नाही. तिने टायर दाबले, दिवे लावायला लावले, दाराच्या बिजागऱ्या हलवून पाहिल्या. मग धाकटीकडे वळून म्हणाली, "हं, सांग. यात काय वाईट?"

धाकटी आत गेली. तांबडी जिथे उभी राहिली असती तिथे थोडा वेळ उभी राहिली. बाहेर आली तेव्हा तिने आधी चपलेला लागलेला भुसा झटकला.

"चांगला आहे," ती म्हणाली. "हाच घे."

सकाळपासून थोरलीला हेच हवं होतं. तिने पर्स उघडली होती. ती तिने पुन्हा बंद केली.

"तांबडी कधी एकटी गेलीय का गं गाडीतून?"

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. "नाही. आणली तेव्हा तिची आई होती बरोबर."

"त्याची काळजी सोडा," विक्रेता म्हणाला. "बुजरं जनावर असलं की लोक शेजारी शेळी बांधतात. सोबत मिळाली की गप्प उभं राहतं."

"यात मावेल शेळी?"

"यात नाही. त्याला तो हिरवा..." विक्रेता आपल्याच वाक्याशी थबकला. "तो हिरवा लागेल."

"आणि शेळी कुठून आणू?"

"मिळते की बाजारात."

"विकत?" थोरलीचा आवाज चढला. "घरात एक फुकट खाणारा उभा असताना मी सोबतीला शेळी विकत घेऊ?"

धाकटीने तोंड फिरवलं आणि पांढऱ्या ट्रेलरची नंबरप्लेट ती बराच वेळ वाचत राहिली.

"म्हणजे शेळी आहे घरी," विक्रेता म्हणाला.

"तसंच काहीतरी. चला, तो उघडा."

हिरव्या ट्रेलरच्या फळ्या पक्क्या निघाल्या. मधोमध आडोसा होता, तोही गळ्याइतकाच, वरून शेजारचं जनावर दिसेल असा. दोन्ही कप्प्यांत जनावराच्या छातीपुढे एकेक आडवा दांडा होता.

"हा दांडा खाली येतो?" थोरलीने विचारलं.

"येतो. पण घोडी उंच आहे म्हणालात ना?"

"घोडीचा राहू दे. दुसरा."

"कुठला घेऊ मग? उजवीकडचा?"

"डावीकडचा," थोरली म्हणाली. "डावा डोळा गेलाय त्याचा. उजव्या बाजूला घोडी दिसत राहिली पाहिजे, नाहीतर वाटभर थरथरत राहील."

धाकटी रॅम्पवर होती तिथेच थांबली. त्या डोळ्याचं तिने ताईला कधी सांगितलं नव्हतं. पेन्शनरच्या नावावर आणखी एक खोट चढू नये म्हणून गेले कित्येक महिने ती त्याला ताईसमोर उजव्या अंगानेच उभा करत आली होती.

"शेळीचा डोळा?" विक्रेत्याने विचारलं.

"दांडा खाली घ्या हो," थोरली म्हणाली आणि तिथेच चाकावरच्या पत्र्यावर बसली. "पाय गेले माझे."

धाकटी आत शिरली. विक्रेत्याला बाजूला करून तिने दांड्याची खीळ स्वतःच ओढली. दांडा कुठल्या उंचीवर लावायचा, हे तिला मोजून बघावं लागलं नाही.