सांगवीची, भवानीनगरची आणि तिसरी

भवानीनगरच्या कारखाना कॉलनीत सारजाच्या घरी फोन आला, ते साल शहाण्णव. नवरा मानसिंग कारखान्यात वायरमन, त्याला अवेळी बोलावणं यायचं म्हणून. सारजाला फोनचं अप्रूप नव्हतं. तेव्हा तिला कशाचंच अप्रूप वाटत नव्हतं. महिन्यातले बारा-बारा दिवस अंगावरून जायचं. चारपदरी घडी तासाभरात भिजायची. लग्नकार्यात ती सतरंजीवर टेकायची नाही, दाराशी उभी राहायची. साड्या सगळ्या गडद रंगाच्या. मानसिंगला एकदा धीर करून सांगितलं, तर तो म्हणाला, "बायकांना असतंयच की."

एका दुपारी साडेतीनला बारामतीच्या बहिणीला फोन लावावा म्हणून तिनं रिसीव्हर उचलला, तर आत आधीच दोन बायका बोलत होत्या. क्रॉस कनेक्शन तेव्हा नेहमीचंच. ती ठेवणार, इतक्यात कानावर आलं, "गाठी पडत्यात का नुसतंच जातंय?"

सारजाचा हात थांबला.

"पडत्यात की. जांभळाएवढ्या," दुसरी म्हणाली.

मग तो पहिला आवाज, वयस्कर, संथ, म्हणाला, "आन् तुझं गं? ऐकतीयास ती?"

सारजानं फोन आदळला. पण दुसऱ्या दिवशी साडेतीनला ती स्टूल ओढून फोनपाशी बसली होती.

मग रोजचंच झालं. नावं कुणी विचारली नाहीत, दोघींची गावं तेवढी बोलण्यात आली. तरणा आवाज सांगवीचा होता, तोंडाळ आणि हसरा. "आमच्या जाऊबाई म्हणत्यात, फुटकी घागरसुदीक एवढी गळत न्हाय," असं ती म्हणाली तेव्हा सारजा कित्येक महिन्यांनी मोकळी हसली. पायरी चढली की डोळ्यांपुढं अंधारी येते, नवऱ्याशेजारी निजायची धास्ती वाटते, हे तिनं पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. आणि लाजत लाजत म्हणाली, "मी लेकीच्या पाटीवरच्या पेन्सिली खाते."

"मी चुलीची माती," सांगवीची म्हणाली.

तिसरी, ती वयस्कर, कमी बोलायची. सांगणं एकच. "घरी थांबू नगा. मी थांबले." तिच्या बोलण्यामागं पाणी वाहिल्याचा आवाज यायचा. सांगवीचीचं घर कालव्याला लागून होतं. तेव्हा ही तिचीच सासूबिसू असणार, असं सारजानं धरलं होतं.

एका मंगळवारी फोन उचलला, तर सांगवीची नव्हती. पाणी तेवढं वाहत होतं.

"ऊठ. पिशवी भर."

"उद्या जाते की. आज ह्यांची दुसरी पाळी हाय, पोरगी शाळंतनं येईल..."

"उद्या न्हाय, सारजा. आज."

सारजानं आपलं नाव कधी सांगितलंच नव्हतं. ती उठली. शेजारच्या छबूबाईंकडे किल्ली दिली आणि बारामतीची एसटी धरली. स्टँडला गाडी लागेपर्यंत तिच्या खालची सीट ओली झाली होती. बहिणीकडे न जाता ती सरळ दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढली. आत पांढरंफटक. "तुम्ही चालत आलात?" त्यांनी दोनदा विचारलं. हिमोग्लोबिन चार निघालं, गर्भाशयात नारळाएवढी गाठ. रात्री मानसिंग आला. कॉटच्या दांडीला अडकवलेला कागद त्यानं वाचला. मग नर्सला म्हणाला, "माझं रगात चालंल का?"

दुसऱ्या दिवशी सलाईनच्या बाटलीपलीकडून कुणीतरी हाक मारली, "भवानीनगरची?" हातात डबा घेतलेली, पिवळट चेहऱ्याची एक बाई. आवाज ओळखीचा.

"मी बानूबाई. सांगवीची."

"तुमाला कुणी सांगितलं मी हितं हाय?"

"त्यांनीच. काल सांजच्याला, फोनवर. म्हणाल्या, जिन्याशेजारची कॉट हाय, भाकरी पातळ कर." बानूबाई डब्याचं झाकण काढता काढता थांबली. "तुमच्याच घरातल्या ना त्या? त्यांच्या बोलण्यामागं कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा."

"मला तर तुमचा कालवा ऐकू यायचा," सारजा म्हणाली.

दोघींनी एकमेकींचे हात धरले. दोघींचेही गार होते. डॉक्टरीणबाई फेरीला आल्या तेव्हा सारजानं तिला तशीच त्यांच्यापुढं बसवलं. बानूबाईचं गोळ्यांवर आटोक्यात आलं. सारजाची गर्भपिशवी काढावी लागली.

घरी आल्यावर टेलिफोनचा लाईनमन झुंबर कॉलनीत दिसला, तेव्हा सारजानं त्याला विचारलं. तो हसला. "वहिनी, सांगवीची तार न् हितली तार कुठंच जवळ येत न्हाय. क्रॉस लागंलच कसा?"

त्यानंतर साडेतीनला उचललेल्या फोनवर नुसता टोन असायचा. अशानं कुणी बाई गेली होती का, म्हणून दोघींनी ओळखीपाळखीत, दवाखान्यात, अगदी इंदापूरपर्यंत चौकशी केली. कुठल्या घरची, कुठल्या सालची, काही लागेना. शेवटी बारामतीच्या स्टँडवर रसाचे ग्लास धरून बसल्या असताना बानूबाई म्हणाली, "सोडून दे गं. ज्या घरात थांबून ती गेली आसंल, तितं आता दुसरी नांदत आसंल. तिला कशाला भ्या दावायचं?"

सांगवीची गाडी लागली. सारजा तिला बसवून द्यायला उठली.